चटणीचा डबा आणि जत्रेचं जेवण

गावाकडून,
मृग लागून आठवडा झाला, सन १९९६

तीर्थरूप अंबूअक्का हिला लालासाहेबाचा वाईकडे तोंड करून नमस्कार. दाजींच्या पायांवरही माझं डोकं ठेवलेलं आहे असं समजावं. तुझा गुडघा आता कसा आहे? मागं तू लिहिलं होतंस की घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत, देवाला वरूनच हात जोडते. ते चालतं, देवाची नजर चांगली असते. दाजींचा खोकला, म्हातारी गाय आणि नवीन आणलेला गॅस (तू अजून तो पेटवताना दाजींना पुढं करतेस असं ऐकलं) यांची खुशाली कळवावी. इकडे सर्व क्षेम आहे. मी, शालन आणि म्हैस तिघंही वेळेवर जेवतो. त्यातल्या त्यात म्हशीचं बरं चाललं आहे, कारण तिच्या खाण्यात चटणी नसते.

तुझं कार्ड पोचलं. त्यात चार ओळी खुशालीच्या आणि उरलेलं कार्डभर, पार पत्त्याच्या बाजूपर्यंत, जत्रेच्या जेवणाची चौकशी. जेवताना कोण रडलं, कोण भरल्या ताटावरून उठून गेलं, आणि वाईच्या बाजारात तुला भेटलेली ती आपल्या गावची माहेरवाशीण म्हणत होती त्याप्रमाणं शालननं रश्श्याचं पातेलं बाळासोच्या अंगावर टाकलं हे खरं काय? अक्का, पातेलं कुणाच्या अंगावर पडलं नाही. पातेलं जागच्या जागी होतं. बाकी जे ऐकलंस ते थोडं खरं आणि थोडं तिखट लावलेलं आहे. तू गुडघ्यापायी येऊ शकली नाहीस, नाहीतर हे पत्र लिहायची वेळच आली नसती, कारण तू असतीस तर दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालून पहिल्याच घासाला विषय मिटवला असतास. आता क्रमानं सांगतो. पलटणीत सुभेदार म्हणून रिपोर्ट लिहिण्यात हयात गेली, त्यामुळं मधलं सोडून शेवट सांगायला मला जमत नाही. दाजींना झोप आली तर त्यांना झोपू दे, तू मात्र शेवटपर्यंत वाच.

मूळ भांडण तुला माहीत आहे, पण त्याचा गाभा तुला कुणी नीट सांगितला नसणार. आबा गेल्यावर माझ्या आणि बाळासोच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा कुणाचं काही वाकडं नव्हतं. रान वाटलं, म्हशी वाटल्या, भांडी वाटली. आईनं हौसेनं सांगलीहून आणलेले ते दोन मोठे जोडडबे, ज्यांच्यावर मशीननं आबांचं नाव घालून घेतलं होतं, तेसुद्धा एकेकानं घेतले. दोघांनाही नाव आबांचंच राहिलं, त्यात वाटणी करण्यासारखं काही नव्हतं. मग एका जत्रेला आमच्या घरी जेवण होतं. शालनचा हात तिखटाला बेताचा आहे हे तू जाणतेसच. तिची चटणी रंगाला अशी लालभडक की पाहुणा ताट बघून घाबरतो, आणि खाऊन झाल्यावर शांत झोपतो. रंगाची मिरची जास्त, तिखटाची कमी, असं तिचं गणित. बाळासोनं दोन घास खाल्ले आणि त्याच्या सासरच्या माणसांदेखत सहज म्हणाला की वैनींचा रस्सा जरा मिळमिळीत झालाय. सहजच म्हणाला. पण शालन दाराआड भाकऱ्यांची दुरडी घेऊन उभी होती. तिनं त्या दिवशी सगळ्यांना पोटभर वाढलं, आणि पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात तुराट्यांचं कुंपण घालून घेतलं.

तेव्हापासून बोलणं बंद. मी थोरला आणि शालनचा नवरा, तेव्हा मी कुंपणाच्या अलीकडं उभं राहणं भाग होतं. बाळासो धाकटा, त्याला माफी मागायचं सुचलं नाही, आणि सुचलं असेल तर त्यानं ते मनातच ठेवलं. अक्का, तुला म्हणून लिहितो, मला त्याच्याशी बोलायचं होतं. दुसरं काही नको होतं. उसाला पाणी पाजताना तो पलीकडच्या सरीत आणि मी अलीकडच्या, मध्ये हातभर बांध. मोटर बंद कर एवढं सांगायचं तरी वाटेनं जाणाऱ्या माणसाला थांबवून त्याच्याकरवी सांगायचं. (एकदा वाटेनं कुणीच गेलं नाही आणि दोघांचाही ऊस दुपारपर्यंत बुडाला.) सीमेवर समोरच्या पलटणीशी सुद्धा आमचं यापेक्षा जास्त बोलणं होत असे.

आता मिरची कुटायच्या डंकाकडं येतो. मागच्या वर्षी वैशाखात शालननं नेहमीप्रमाणं वर्षाच्या चटणीची तयारी केली. मिरच्यांची देठं काढली, चार उन्हं दिली, कांदा, खोबरं, लसूण, धणे, तीळ, सगळं तळून-भाजून ठेवलं. त्या वर्षी तिनं मिरची सांगलीच्या नवीन व्यापाऱ्याकडून मागवली होती, हे लक्षात ठेव. डंकावर खरं तर बायकाच जातात, आणि एकदा गेल्या की मिरची आपल्या डोळ्यांसमोर कुटून, चाळून, आपल्या डब्यात पडेपर्यंत जागच्या हलत नाहीत, मग नाक जाऊ दे नाहीतर डोळे. शालन गेली, आणि हरिबाच्या डंकाच्या दारातून परत आली. आत दीपमाला बसली होती, म्हणजे बाळासोची बायको. शालन म्हणाली, तुम्ही जा. तिकडं दीपमालानंही शालनला दारातून फिरताना पाहिलं आणि नवऱ्याला निरोप धाडला, की तुमी या, मला हितं बसवत न्हाई. परिणामी हरिबाच्या डंकावर, जिथं पुरुषमाणूस कधी बसलेला कुणी पाहिला नाही, तिथं आम्ही दोघे भाऊ तोंडाला टॉवेल बांधून, एकमेकांकडं पाठ करून बसलो.

पाठ करून बसल्यामुळं काय झालं ते बघ. मध्येच वीज गेली, मग आली, मग परत गेली. हरिबानं दोघांचे डबे भरून ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. बाळासो शिंकला. लहानपणी तो शिंकला की आई ‘शतंजीव’ म्हणायची, ती नसली तर मी म्हणायचो. शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता, तो मी स्वतः शिंकून घालवला. त्या शिंकेसरशी मी उठलो, त्याच्याकडं बघायचं नाही म्हणून मान उजवीकडं वळवली आणि हात डावीकडं घालून आबांच्या नावाचा डबा उचलला. बाळासोनंही माझ्याकडं बघायचं नाही म्हणून उरलेला उचलला. दोघंही ताठ मानेनं घरी आलो. अख्ख्या गावात वर्षाच्या चटणीचा डबा न बघता उचलणारी माणसं दोनच निघाली, आणि दोघंही आबांचीच पोरं.

डबा घरी आल्यावर शालननं त्यात हिंगाचे खडे घातले, तोंड फडक्यानं बांधलं आणि तो माळ्यावर ठेवला, कारण जुनी चटणी अजून शिल्लक होती. नागपंचमीच्या सुमाराला नवा डबा उघडला आणि आमच्या घरातलं खाणं बदललं. दीपमालाचं माहेर कवठे महांकाळकडचं, तिकडं पाण्याचा तुटवडा असला तरी तिखटाचा नाही. साधी वांग्याची भाजी खाल्ली तरी कानातून वाफ जायची. शालनला वाटलं हा सांगलीच्या नवीन मिरचीचा गुण, आणि त्यातून चटणी मुरली म्हणजे अशीच लागते. तिचा आत्मविश्वास असा वाढला की ती चटणी कशातही घालू लागली. टीव्हीवर बघून सोयाबीनच्या वड्या आणल्या (चवीला भिजलेला पुठ्ठा), त्यात चटणी घातली आणि त्या संपल्या. आमची नात सई सुट्टीला आली तेव्हा दोन मिनिटांत होणाऱ्या त्या पाकिटातल्या शेवया खायची. शालननं त्यात आतली पुडी फेकून आपली चटणी घातली. पोरगी दोन मिनिटांऐवजी दुपारभर पाणी पीत होती, पण संध्याकाळी पुन्हा तेच मागितलं. राजवर्धन रजेवर आला, परत जाताना बरणीभर चटणी पलटणीत घेऊन गेला, आणि आईला म्हणाला की औंदा जमलीया. इतक्या वर्षांत पोरानं आईच्या चटणीला हा शब्द पहिल्यांदा वापरला. शालन त्या दिवशी स्वयंपाक करताना गाणं म्हणत होती. लग्न झाल्यापासून मी तिला गाताना ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं कारणही त्या दिवशी कळलं.

इकडं हे, तर कुंपणापलीकडं बाळासोचं पित्त गेलं. आधी तो सकाळी परसात उभा राहून असे ढेकर द्यायचा की माझी म्हैस दूध चोरायची. ते बंद झाले. अंगानं भरला, चेहऱ्यावर तेज आलं. गावातल्या लोकांना तो सांगायचा की दीपमालाच्या हाताला आता चव आली. मला हे कानावर येत होतं आणि मी समजत होतो की कुठल्यातरी वैद्याचं चूर्ण लागू पडलं.

खरी गोष्ट मला फाल्गुनात कळली. हळद कुटून आणायला हरिबाकडं गेलो होतो. तो बोलता बोलता म्हणाला, “सुभेदार, तुमचा डबा धाकल्यानं नेला आन् त्याचा तुमी. मला वाटलं भावाभावांचं असंल कायतरी, म्या कशाला बोलू.” मी हळद तिथंच विसरून घरी आलो. पलटणीत मी बरंच काही पाहिलं, पण त्या दिवशी जी भीती वाटली ती निराळी होती. कारण त्याच आठवड्यात शालननं जाहीर केलं होतं की औंदाच्या जत्रेचं भावकीचं जेवण आपल्या घरी, आणि निमंत्रण बाळासोच्या घरालासुद्धा. नुसतं जाहीर करून थांबली नाही, इरकल नेसून स्वतः कुंपणाला वळसा घालून गेली, दीपमालाला कुंकू लावलं आणि म्हणाली की भावजींना म्हणावं, औंदा रस्सा खाऊन बघा. अक्का, त्या एका वाक्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती. आणि ज्या चटणीच्या जोरावर ती ते बोलून आली ती चटणी ज्यांना बोलावलं त्यांचीच होती. दीपमाला पहिल्या घासाला ओळखणार, चारचौघांत बोलणार, शालनची मान खाली जाणार, आणि मग तुराट्यांच्या जागी भिंत येणार. बाळासोशी बोलायची माझी जी काय आशा होती ती त्या रश्श्यात बुडणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

शालनला खरं सांगावं असं तुला वाटेल. मलाही वाटलं. पण ती गात होती, अक्का. मी तोंड उघडलं आणि भाकरी खाऊन मिटलं.

मग मी युक्ती केली, आणि ती अंगाशी आली. डॉक्टरनं मला तिखट बंद केलंय असं घरी सांगितलं. अंदाज असा की नवऱ्यासाठी ती जत्रेचा रस्सासुद्धा बेताचा करील आणि दीपमालाला ओळखू येणार नाही. शालननं ऐकून घेतलं, काळजी केली, आणि माझ्यासाठी वेगळा दुधी उकडला. दुसऱ्या दिवशी पडवळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधी, पण किसून, म्हणजे बदल. शालन झणझणीत आमटी ओरपतेय आणि मी ताकात दुधी कालवतोय. (टीव्हीवरच्या कुणा बाईनं सांगितलं म्हणून सकाळी त्याच दुधीचा रस. तो हिरवा असतो आणि त्याच्याबद्दल एवढंच पुरे.) जत्रा जवळ आली तरी चटणी होती तशीच. तेव्हा मी दुकानातून नुसत्या रंगाच्या, सौम्य तिखटाची पुडी आणली आणि शालन देवळात गेल्याचं बघून डब्यात मिसळायला बसलो. डब्यात कोपरापर्यंत हात असतानाच ती परत आली. मला वाटलं आता सगळं सांगावं लागणार. पण तिला वाटलं पथ्याला कंटाळून मी चोरून चटणी खातोय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, एवढं आवडतंय व्हय तुमाला माझ्या हातचं? आणि माझ्या जिवाच्या काळजीनं तिनं डबा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. अशा रीतीनं माझी मोहीम संपली.

जत्रेचा दिवस. पालखी झाली, दुसऱ्या दिवशी बकरं पडलं, शालननं रस्सा केला. वास बाहेर रस्त्यापर्यंत गेला होता आणि मी परसात म्हशीजवळ उभा होतो. भावकी बसली, पंगत लांब, आणि बाळासो माझ्यासमोर. इतक्या वर्षांत प्रथमच त्याचं तोंड मी समोरून बघत होतो. केस पिकलेत त्याचे. रस्सा वाढला. पहिल्या घासाला सगळ्या पंगतीनं नाकं ओढली, डोळे पुसले, आणि लोक तांब्या उचलत उचलत शालनचं नाव घेऊ लागले. हातात पळी घेऊन ती बाळासोच्या ताटासमोर उभी होती आणि दुसरीकडं कुठंच बघत नव्हती. बाळासोनं एक घास खाल्ला, मग दुसरा. वर्षभर बेताचं खाल्लेला माणूस, त्याला ठसका लागला. पाणी प्याला. आणि मग आमच्या खानदानाला बोलण्याच्या वेळेची जी जाण आहे तिला जागून त्यानं सर्वांसमक्ष भाकरी खाली ठेवली आणि म्हणाला, “वैनी, रस्सा लय जहाल झालाय. आमच्यात कसा बेतानं असतोय. खावा तर तसा.”

अक्का, मी त्या क्षणी देवाला एवढंच म्हणालो की त्याला ठसका जरा जास्त दे म्हणजे पुढचं बोलणार नाही. शालनच्या हातातली पळी खाली आली. दीपमाला बायकांबरोबर भाकऱ्या वाढत होती, तिनं दुरडी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, “आवं, तुमी वरीसभर घरात जी खाताय ती जाऊबाईंच्या हातची चटणी हाय. आन् ही तुमच्या ताटातली माझी हाय. डबं बदलल्यात डंकावर.”

बाळासो ताटाकडं बघत राहिला. बाकीचेही आपापल्या ताटाकडं बघू लागले, जणू उत्तर त्यात आहे. शालन म्हणाली, “वरीसभर?” दीपमाला म्हणाली, “व्हय. दोन येळंला मागून घेत्यात.”

तू विचारलंस कोण रडलं. ते ठरवणं अवघड आहे, कारण रश्श्यानं पंगतीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण शालननं तर अजून घाससुद्धा घेतला नव्हता, एवढं मी बघितलं. आणि दीपमालाबद्दलही लिहितो, कारण ते कुणाच्या लक्षात आलं नसणार. तिनं डबा उघडल्या दिवशीच वासावरून ओळखलं होतं. पण घरात नवरा शांत जेवतोय, पित्त गेलंय, म्हणून ती बोलली नाही. वर्षभर नवरा तिच्या हाताला चव आली म्हणून गावभर सांगत होता, आणि ती चव दुसरीच्या हाताची आहे हे एकटीला माहीत. ती पोरगी आपल्यात सगळ्यात सोशिक आहे, आणि आपण आजवर तिला नीट ओळखलं नाही याचं मला वाईट वाटलं.

उठून कोण गेलं, तर बाळासो. भरल्या ताटावरून उठला, हात न धुता. पंगतीला वाटलं गेला, आता पुन्हा येत नाही. वळसा घालून न जाता तो सरळ कुंपणातूनच पलीकडं गेला, तुराट्या कडाकडा मोडल्या. आणि त्याच भगदाडातून आबांच्या नावाचा डबा पोटाशी धरून परत आला. डबा शालनच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, “वैनी, ह्यातली घालून परत करा. मी बसतोय हितं.” माफी वगैरे शब्द त्यानं वापरला नाही, त्याला ते येत नाहीत. शालनलाही ते ऐकायचे नव्हते. पोरांसाठी मटणाचं बिनतिखटाचं अळणी बाजूला काढून ठेवलं होतं, त्याला तिनं स्वतःच्या चटणीची फोडणी दिली आणि उकळी येईपर्यंत अख्खी पंगत ताटावर तशीच बसून राहिली. मग पुन्हा वाढलं. बाळासोनं वाट्या मोजल्या नाहीत. पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी दोन्ही रस्से खाल्ले आणि पुढच्या जत्रेलाही भावांनी भांडावं असा आशीर्वाद देऊन गेले. जाताना बाळासो माझ्याजवळ उभा राहिला. शेवटी तो म्हणाला, “दादा, उद्या मोटर कवा लावतूयास?” मी म्हणालो, तू म्हणशील तेव्हा. एवढंच झालं, अक्का, पण मी त्या दिवशी दुधी न खाता जेवलो.

यापुढचा मजकूर शालन आणि दीपमाला दोघी शेजारी बसून सांगतायत आणि मी फक्त लिहितो आहे. औंदा दोघींनी चटणी एकत्र केली. मिरच्या निम्म्या शालनच्या, निम्म्या दीपमालाच्या. मसाला शालनच्या मापानं, लसूण दीपमालाच्या. दोघी डंकावर एका पोत्यावर शेजारी बसल्या आणि चटणी डब्यात पडेपर्यंत हलल्या नाहीत. चटणी फार उत्तम झाली आहे. दोन्ही घरांत तीच आहे आणि पुरुषमंडळी मिटक्या मारत खातात. अंबूअक्कांनी जरूर यावं आणि चव बघावी. (‘फार उत्तम’ याच्या खाली रेघ ओढा असं शालन म्हणते. ओढली.) कुंपणाच्या तुराट्या चुलीला वापरल्या.

दाजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गायीला चारा. गुडघ्याला तिळाचं तेल चोळत जा.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
लालासाहेब

ता. क. हे पुढचं कडेगावच्या पोस्टात उभा राहून लिहितो आहे, पाकीट अजून चिकटवलेलं नाही. जत्रेच्या आधीच मला सगळं माहीत होतं हे शालनला कळलेलं नाही. डब्यात हात घातला तो तिच्या चटणीच्या ओढीनं, अशीच तिची समजूत आहे आणि तिला त्याचा आनंद आहे. इथं आलीस तर हा विषय काढू नकोस.

ता. क. दुसरा. चटणी उत्तम झालेली नाही. दोघींच्या चांगल्या चटण्या एकत्र होऊन जी झाली आहे तिला रंग नाही, तिखटपणा उशिरा लागतो आणि नको तिथं लागतो, आणि तो कसला वास आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण बोलायची सोय उरलेली नाही. पूर्वी एकीच्या चटणीला नाव ठेवलं तर एकच घर रुसायचं, आता दोन्ही रुसतील. डबा शिगोशीग भरलेला आहे आणि पुढचा वैशाख लांब आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहायचं कारण. मध्यंतरी एकदा काही काम नसताना मी कडेगावला आलो आणि स्टँडजवळच्या एका हॉटेलात मिसळ खायला शिरलो. कोपऱ्यातल्या बाकड्यावर बाळासो आधीच बसलेला. तो सरकला, मी बसलो. एक मिसळ संपली, दुसरी एकात दोघांनी खाल्ली, पाव त्यानं मोडला. लहानपणी शाळेच्या वाटेवर भाकरी मोडायचा तसाच अजून मोडतो, मोठा तुकडा मला. मला तिथं फार बरं वाटलं, अक्का. आता आम्ही बाजारच्या दिवशी तिथंच भेटतो, घरी दोघंही सांगतो की सोसायटीत काम आहे. पण हॉटेलची मिसळ या वयात दर बाजाराला सोसत नाही. तेव्हा तुझ्या हातची चटणी, आई करायची त्या मापाची, दोनेक किलो वाईच्या एसटीनं कडेगाव स्टँडवर पाठव, आम्ही उतरवून घेऊ. हॉटेलवाला भाकरी द्यायला तयार आहे. आणि एक सांगतो, दोन घरं म्हणून दोन पिशव्या करू नकोस. एकच बांध. आम्ही दोघं एका ताटात जेवतो.